नदीवरची सहल : आधी मुक्काम, मग बोट

आपल्या गावातली निवृत्त मंडळी आता युरोपलाही निघू लागली आहेत. त्यातही डॅन्यूब नदीवरून सात-आठ दिवस बोटीने जाण्याची सहल ज्येष्ठांना सोयीची वाटते. रोज सामान बांधायचे नाही, रोज खोली बदलायची नाही. दवाखान्यात मला हमखास एक प्रश्न येतो, ‘‘डॉक्टर, बोटीच्या आधी आणि नंतर हॉटेलात राहण्याचे पैसे वाचवले तर चालेल का?’’ उत्तर देण्यापूर्वी मी माझीच चूक सांगतो.

मे २०२३ मध्ये आम्ही उभयता बुडापेस्टहून जर्मनीतल्या पासाऊपर्यंत बोटीने गेलो. मुंबईहून मध्यरात्री निघालो, वाटेत विमान बदलले आणि दुपारी बुडापेस्टला उतरून थेट बोटीवर गेलो. एका रात्रीचे हॉटेल वाचवले म्हणून मी खूश होतो. सौ.ला बारा वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लागते. इन्सुलिन हातातल्या पिशवीत होते; पण साखर तपासण्याचे यंत्र आणि रक्तदाबाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत. ती बॅग विमानाबरोबर आलीच नाही.

संध्याकाळी सहाला तिने इन्सुलिन घेतले. जेवण सातला होते. ‘‘अहो, जरा पाठ टेकते,’’ म्हणून ती आडवी झाली आणि मलाही डुलकी लागली. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. रात्री नऊला मला जाग आली, तेव्हा आमच्या शरीरांच्या हिशेबाने रात्रीचे साडेबारा वाजले होते. ती घामाने भिजली होती, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर उतरली होती. गिळता येत होते म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांत ती सावध झाली, मग पाव आणि दूध दिले. (रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये; लगेच मदत बोलवावी.) यंत्र हाताशी नसल्याने रात्रभर तिच्या कपाळाला हात लावून जागा राहिलो. आणि बॅग? बोट पुढे निघालेली, बॅग आमच्या मागे. ती व्हिएन्नाला तिसऱ्या दिवशी मिळाली.

मी डॉक्टर असून हे घडले. नदीवरच्या बोटींवर बहुधा डॉक्टर नसतो, हेही लक्षात घ्यावे.

आधीच्या दोन रात्री

बोट सुटण्यापूर्वी दोन रात्री त्याच शहरात काढाव्यात. हरवलेली बॅग हॉटेलात पोहोचू शकते. चालत्या बोटीचा पाठलाग तिला करावा लागत नाही. विमान चुकले तरी बोट चुकत नाही. आणि जेवण, झोप व इन्सुलिन यांच्या वेळा जमिनीवरच जुळून येतात. औषधांच्या बदललेल्या वेळा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात.

बुडापेस्टमध्ये डॅन्यूबच्या एका काठाला बुडा, दुसऱ्याला पेस्ट. बुडा डोंगराळ, पेस्ट सपाट. गुडघेदुखी असणाऱ्यांनी पेस्टला उतरावे. हॉटेलला लिफ्ट आहे का, खोलीत फ्रिज आहे का, हे आधी विचारावे. जादा इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. पहिल्या दिवशी उन्हात थोडे चालावे, दुपारी तासभरापेक्षा जास्त झोपू नये. तिथली गरम पाण्याची स्नानगृहे प्रसिद्ध आहेत. परंतु इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात बसू नये. उष्णतेने ते लवकर शोषले जाते आणि साखर झपकन उतरते. हृदयविकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच जावे.

नंतरची एक रात्र

बोट सकाळी खाली करावी लागते. पासाऊहून म्युनिकचा विमानतळ रस्त्याने दीड-दोन तासांवर. लगेच विमान धरले तर बसमध्ये बसणे, विमानतळावर बसणे आणि विमानात बसणे एकाच दिवसात येते. चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. मध्ये एक रात्र पाय पसरून झोप मिळाली, थोडे चालणे झाले, तर शरीराला उसंत मिळते.

नदीचाही भरवसा नसतो. जून २०१३ मध्ये पासाऊ शहरात पुराचे पाणी शिरले होते. उलट २०१८ आणि २०२२ मध्ये डॅन्यूबचे पाणी फार उतरले. अशा वेळी प्रवाशांना बसने पुढे नेतात, वेळापत्रक कोलमडते. हाताशी एक दिवस असला की जीव टांगणीला लागत नाही.

हे विसरू नका

* रोजची औषधे, यंत्र आणि साखर हातातल्या पिशवीत. औषधे आठवडाभर जादा. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव.
* वाढवलेले दिवस व्हिसात आणि विम्यात धरले आहेत ना, हे पाहावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा विमा लागतो. जुना आजार त्यात धरला आहे का, ते वाचावे.
* तिकडे मदतीचा दूरध्वनी ११२.
* घरी आल्यावर पुढचे काही दिवस एकाच पोटरीला सूज, दुखणे किंवा अचानक धाप लागल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

२०२४ मध्ये माझ्या ओळखीचे एक गुरुजी सपत्नीक याच सहलीला गेले. माझ्या आग्रहाखातर दोन रात्री आधी, एक रात्र नंतर राहिले. ‘‘पहिला दिवस झोपण्यातच गेला, पैसे फुकट गेले,’’ असे परतल्यावर ते कुरकुरले. बाई मात्र हसून म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बोटीवर पहिल्या रात्री मी जेवून, साखर तपासून झोपले.’’

गुरुजींना मी एवढेच म्हणालो, ‘‘मग पैसे वसूल झाले.’’