विरार लोकलच्या गर्दीतही माणूस ओळखू येतो

प्रश्न : मी विरार पश्चिमेला राहतो. रोज लोकलने अंधेरीला कामाला जातो. फेसबुकवर खातं आहे, पण स्वतः काही लिहीत नाही. कुणाचा फोटो आवडला तर लाइक करतो, एवढंच. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "बाबा, तुमची सगळी माहिती इंटरनेटवर आहे." माझ्यासारख्या साध्या नोकरदाराची तिथे कसली माहिती असणार? आणि असली तरी ती घेऊन कोण काय करणार?
– एक वाचक, विरार

उत्तर : मुलगी बरोबर सांगतेय. तुम्ही स्वतः काही लिहिलं नसलं तरी तुमच्याविषयी नोंदी करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात सरकारही आहे.

घरापासूनच सुरुवात करू. फ्लॅट विकत घेतला असेल तर त्याचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदलेला असणार. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च' नावाची सोय आहे. तिथे वर्ष निवडायचं, जिल्हा पालघर, तालुका वसई, मग गाव : बोळींज, डोंगरे, निळेमोरे, आचोळे, जे असेल ते. मिळकतीचा क्रमांक टाकला की व्यवहारांची यादी उघडते आणि त्यातून सूची क्रमांक दोन, म्हणजे आपल्या बोलण्यातला इंडेक्स टू, समोर येतो. विकणारा कोण, घेणारा कोण, त्यांची वयं, पत्ते, इमारत, मजला, क्षेत्रफळ, किती रुपयांना व्यवहार झाला आणि मुद्रांक शुल्क किती भरलं, सगळं तिथे असतं. सख्ख्या भावालाही सांगितली नसेल ती रक्कम आकड्यांत वाचायला मिळते.

ही नोंद बंद करावी, असं मला मुळीच वाटत नाही. नालासोपाऱ्यातल्या ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या, ते काम २०२५च्या फेब्रुवारीत संपलं. ज्या शहरात माणसं आयुष्याची पुंजी घालून घर घेतात आणि पुढे कागदच खोटे निघतात, तिथे व्यवहार उघड असलेलेच बरे. पण उघड म्हणजे सगळ्यांना उघड, हेही लक्षात ठेवायला हवं.

मतदार यादी घ्या. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, घर क्रमांक. एका घरातली माणसं बहुधा एकाखाली एक असतात, म्हणजे कुटुंबच हाती लागतं. मोबाइल नंबरचं तसंच. यूपीआयच्या ॲपमध्ये त्याला जोडलेला कुणाचाही नंबर टाकला की बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. ट्रूकॉलरवर तर तुम्ही ते ॲप घेतलेलंच नसलं तरी नाव असू शकतं, कारण दुसऱ्या कुणीतरी तुमचा नंबर सेव्ह करून ठेवलेला असतो.

आता तुमच्या हाताने होणाऱ्या नोंदी. गूगल मॅप्सवर एखाद्या दवाखान्याला पाच तारे दिले असतील, तर तिथल्या तुमच्या नावावर टिचकी मारून बघा. आजवर दिलेले सगळे अभिप्राय आणि फोटो, प्रोफाइल बंद केलं नसेल तर, एका पानावर दिसतात. मुलांची शाळा, हाडांचे डॉक्टर, दागिने घेतले ते दुकान, गाडीचं सर्व्हिस सेंटर, गावाकडचं देऊळ. प्रत्येक अभिप्राय दोन ओळींचा आणि निरुपद्रवी. पण सलग वाचले तर तुमचं दुखणं, ऐपत, श्रद्धा आणि मूळ गाव अनोळखी माणसालाही सांगता येईल. एकटी माहिती सहसा काही करत नाही, घात होतो तो ती जोडली गेल्यावर.

आणि 'फक्त लाइक'? केंब्रिजच्या संशोधकांनी २०१३ साली ५८ हजार स्वयंसेवकांचे फेसबुकवरचे लाइक तपासले. केवळ त्यांवरून माणसाचा धर्म, राजकीय कल, स्वभाव यांचा अंदाज बऱ्याच अचूकपणे बांधता आला. आपल्या पालघरने तर लाइकची किंमत त्याआधीच मोजली होती. नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबईतल्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, मैत्रिणीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेतून उभं राहिलेलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. ते कलम गेलं, ही मोठीच गोष्ट. त्या दोघींनी भोगलं ते मात्र भोगून झालं होतं.

तुम्ही लोकलने जाता म्हणून आणखी एक. सकाळच्या विरार गाडीत पाय ठेवायला जागा नसते, तिथे आपल्याला कोण ओळखणार, असं वाटणं साहजिक आहे. मोबाइल मात्र वाटेतल्या प्रत्येक टॉवरशी बोलत असतो. युरोपातल्या एका छोट्या देशात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी संशोधकांनी अभ्यासल्या. त्यांत नावं नव्हती, नंबर नव्हते. फक्त कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरजवळ होता, एवढंच. माणूस अमुक वेळी अमुक ठिकाणी होता, अशा फक्त चार गोष्टी ठाऊक असतील तर ९५ टक्के लोक त्या ढिगातून नेमके वेगळे काढता येतात, असं त्यांनी २०१३मध्ये दाखवून दिलं. रोज पहाटे विरार, सकाळी अंधेरी, रविवारी अर्नाळा आणि महिन्यातून एकदा सासुरवाडी, हे चारही जुळणारा दुसरा माणूस सापडणं कठीण.

हेच ठसे कधी न्यायाच्या कामी येतात. वसईतल्या एका तरुणीच्या दिल्लीतल्या खून प्रकरणात, २०२२मध्ये, माणिकपूर पोलिसांच्या तपासाला दिशा मिळाली ती मोबाइलचं लोकेशन, बँक खात्यातून गेलेले पैसे आणि इन्स्टाग्रामवरचं चॅट यांतून. ती बेपत्ता झाल्यावर पहिली शंका आली तीही तिच्या फोनच्या शांततेने. म्हणून या सगळ्याला सरसकट वाईट म्हणता येत नाही.

कोण काय करणार, हा तुमचा दुसरा प्रश्न. भामटे करणार. "मी सीबीआयमधून बोलतोय" असं म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला आपण उडवून लावतो. पण त्याने तुमचं पूर्ण नाव, इमारत, मजला, बायकोचं नाव आणि आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले, की भलाभला माणूस गडबडतो. फोनवरच अटक केल्याचं भासवणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'चा सगळा डाव या गडबडण्यावर चालतो. अशी अटक आपल्या कुठल्याही कायद्यात नाही.

आपल्या भागात माझ्या मते सगळ्यात मोठी गळती भाड्याच्या घरांतून होते. भाडेकरार, पोलिस व्हेरिफिकेशन, सोसायटीची एनओसी, दर ११ महिन्यांनी तेच. प्रत्येक वेळी आधार, पॅन, फोटो एजंटच्या व्हॉट्सॲपवर जातात आणि तिथेच पडून राहतात. तो फोन उद्या विकला गेला, हरवला, तर? इथे उपाय सोपा आहे. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' मोफत डाउनलोड होतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. चालत असेल तिथे तेच द्या. कागदी प्रतीवर तारीख आणि 'फक्त भाडेकरारासाठी' असं आडवं लिहून सही करा. काम झालं की एजंटला फाइल पुसायला सांगा, संकोच करू नका. बोटांच्या ठशांचा गैरवापर होऊ नये म्हणून आधारचं बायोमेट्रिकही लॉक करता येतं.

कायद्याचा आधार किती? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७मध्ये एकमताने सांगितलं. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आला. पण जी माहिती तुम्ही स्वतः जाहीर केली किंवा जी कायद्यानेच जाहीर करावी लागते, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे तुमचा गूगलवरचा अभिप्राय आणि तुमचा इंडेक्स टू, दोन्ही त्याच्या बाहेर. अभिप्राय पुसणं निदान तुमच्या हातात आहे. व्हॉट्सॲपचा फोटो 'फक्त कॉन्टॅक्ट्स'ना दिसेल असं ठेवणं आणि ॲपला दिलेली लोकेशनची परवानगी काढून घेणं, हेही.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाच्या सायबर पोलिसांकडे तक्रार द्या. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा, सगळ्यांत आधी म्हाताऱ्या आईवडिलांच्या.