योद्धा, पण सुईणीची लेक

काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, काहीतरी बिनसलंय. चार महिने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' इतक्या हौसेनं चालवते आहेस, आणि आता पोरं म्हणतात, "आमची कॅरेक्टरं सगळी सारखीच वाटतात." त्यातला तो ड्वार्फ खेळणारा तर नवीन कॅरेक्टर दे म्हणून मागे लागलाय. आणि तू रात्रभर जागून आणखी चार पुस्तकं उघडून बसलीस. अगं, थांब जरा. पोरांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यावरचा इलाज पुस्तकांपेक्षा तुझ्याच हातात जास्त आहे.

ही तक्रार खेळाइतकीच जुनी आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापून आला तेव्हा क्लास होते तीनच: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. दोन लढवय्ये कागदावर जवळपास जुळे भाऊच. पुढं पर्याय वाढत गेले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तर फीटचा, म्हणजे कॅरेक्टरसाठी निवडायच्या खास गुणांचा, ढीगच आला. त्यात 'टफनेस' नावाचं एक होतं. घेतलं की ३ हिट पॉइंट वाढायचे, बस्स. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचा तेवढ्यावर जीव वाचायचा, पण दहाव्या लेव्हलला त्या ३ पॉइंटांना कोण विचारतो? नवख्यानं भारदस्त नाव बघून ते घ्यायचं आणि पुढं पस्तावायचं. यादी लांबवलीस की हेच होणार. नवखं पोर त्यात हरवतं, आणि ज्यानं पुस्तकं पाठ केलीत तो एकटाच पुढं निघून जातो.

एक बदल मात्र मला अगदी मनापासून पटला. २०१४ च्या पुस्तकात हाफ-ऑर्क घेतला की ताकद २ नं आणि काटकपणा १ नं वाढायचा. बुद्धीच्या रकान्यात जन्मानं काहीच नाही. म्हणजे हाफ-ऑर्कला जादूगार व्हायचं असेल तर तो मागूनच सुरुवात करणार! २०२० मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'नं हे आकडे हवे तिथं लावायची मुभा दिली. २०२४ च्या नव्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये तर ते बॅकग्राउंडकडेच गेले. कुठल्या कुळात जन्मलास ते नाही, आधी काय करत होतास ते बघायचं. तुझ्या टेबलावर जुनं पुस्तक असलं तरी ही मुभा देऊन टाक. कुणाला मागायलाही लावू नकोस.

आता माझ्या टेबलावरचं सांगते. एक मुलगी यायची, फार कमी बोलणारी. ढाल-तलवारवाली फायटर घेऊन बसली. मी विचारलं, "ही बाई लढायला लागली, त्याआधी काय करायची?" बराच वेळ पेन्सिल फिरवत राहिली. मग म्हणाली, "तिची आई सुईण होती. ही शेजारी कंदील धरून उभी राहायची."

२०१४ च्या पुस्तकात तयार बॅकग्राउंड १३ आहेत, त्यात सुईण कुठून असणार! पण तिथंच मोकळीक दिलेली आहे: कुठलीही दोन स्किल घ्या, अवजारं आणि भाषा मिळून दोन घ्या. आम्ही मेडिसिन आणि इनसाइट घेतली, हर्बलिझम किट घेतलं, आणि गॉब्लिनांची भाषा. दहा मिनिटांत झालं. एकही नियम मोडला नाही.

पण कागदावर लिहून भागत नाही बरं. तिसऱ्या सेशनला मी गुहेत एक अडलेली गॉब्लिन बाई ठेवली. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या होत्या. ही ढाल खाली ठेवून पुढं गेली. १५ हवे होते. वीस बाजूंच्या फाशावर पडले ११. शहाणपणाचे २, मेडिसिन येत असल्याचे २. बरोबर १५! सगळे ओरडले. त्या कंदिलासाठी मी गुहेत जागा ठेवली नसती तर ती दोन स्किल शीटवर तशीच पडून राहिली असती.

कधी कधी तर आकड्यालाही हात लावावा लागत नाही. तुझ्या जादूगाराला 'मॅजिक मिसाइल' येते ना? तीन बाण, हमखास लागणारे. त्याचं घर मध गोळा करणाऱ्यांचं असेल तर बाणांच्या जागी तीन तेजाच्या मधमाश्या सोडू दे. इजा तेवढीच, नियम तोच, पण ती जादू आता त्याची स्वतःची झाली.

माझी चूकही ऐक. एका पोरानं आपल्या 'रोग' क्लासच्या कॅरेक्टरची गोष्ट इतकी सुरेख रंगवली की मी भरात येऊन तिसऱ्याच लेव्हलला त्याला दर फेरीत दुसरा वार देऊन टाकला. फायटरला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. फायटर खेळणारा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. दोन सेशननंतर मला ते परत घ्यावं लागलं, आणि मग दोघंही दुखावले. म्हणून वरून काही घालू नकोस, बदलून दे. एक स्किल काढून दुसरं, एक फीट सोडून त्याच तोलाचं दुसरं. आणि देतानाच सगळ्यांसमोर सांग की तीन सेशन चालवून बघू, जमलं नाही तर बदलू.

सगळं पहिल्याच दिवशी देऊ नकोस, हेही लक्षात ठेव. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत जवळजवळ प्रत्येक लेव्हलला काही ना काही निवडायचं असतं. मुरलेल्या खेळाडूंना ते आवडतं, मलाही आवडतं. तुझ्या पोरांना आत्ताच ते पेलणार नाही. चौथ्या लेव्हलला आकडे वाढवायची वेळ येते तेव्हा निवांत बसून बोला.

रविवारी फासे बाहेर काढायच्या आधी त्या ड्वार्फवाल्याला बाजूला घे. नवीन कॅरेक्टरचं नंतर बघू म्हणावं. चहा दे आणि विचार, तुझा ड्वार्फ डोंगर सोडून निघाला त्या पहाटे घरात कोण जागं होतं? तो जे सांगेल ते लिहून घे आणि रात्री मला फोन कर. कितीही उशीर झाला तरी चालेल, मी जागीच असेन.