मुलाला उपचार हवेत, तालुक्यात डॉक्टर नाही

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. दोन महिने नीट झोपत नाही, कॉलेजला जात नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. ‘पद भरलं की या’ म्हणतात. काय करू?
– एक आई, जि. बीड

उत्तर : ताई, पद भरण्याची वाट पाहू नका. मुलाला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. तोवर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर बोला; ही सेवा मोफत असून चोवीस तास चालते. कॉलेजात समुपदेशक आहे का, विचारा. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी तो नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये बजावलं आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ सालचा. तरीही तुम्हाला असं उत्तर मिळतं, ही दिरंगाईच. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी उपचार हा हक्क आहे आणि त्यात मुलांसाठीच्या सेवाही येतात. म्हणून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

मुलगा मरणाची भाषा बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.