आधी घरातला सातबारा वाचा

'लॉ करून पुढे काय? तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसायचं का?' बारावीचा निकाल लागला की पालक मला हा प्रश्न हमखास विचारतात. त्यांची काळजी मला कळते. पण जमीन-जुमल्याच्या कायद्यातलं बरंचसं काम कोर्टाची पायरी न चढताच चालतं, आणि ज्याला कागद वाचता येतो त्याच्याकडे ते येतं. म्हणून कॉलेज आणि कटऑफचं बोलण्याआधी मी मुलांना घरातला सातबारा घेऊन बसायला सांगतो.

वर गट क्रमांक, खाली हेक्टर-आरमध्ये क्षेत्र. भूधारणा पद्धतीसमोर 'भोगवटादार वर्ग 1' असेल तर जमीन विकायला साधारणपणे मोकळी. 'वर्ग 2' असेल तर आधी सरकारी परवानगी लागते. नावासमोरचा फेरफार क्रमांक सांगतो, ते नाव कधी आणि कशामुळे लागलं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर आजोबांचं नाव कंसात दिसेल. कंस झाला म्हणजे नाव कमी झालं. मग येतो 'इतर हक्क' हा रकाना. घाईत नेमका हाच वाचायचा राहतो. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, सगळं इथेच असतं.

मात्र सातबारा हा महसुली अभिलेख आहे. मालकी येते खरेदीखतातून, वारशातून, वाटणीतून. फेरफार तिची फक्त नोंद घेतो. हा फरक ज्या मुलाला उमगला, त्याचा पाया पक्का झाला असं मी मानतो.

दुसरी जोडी साठेखत आणि खरेदीखत. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की नुसत्या अशा करारानं मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'नं मालकी जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात बजावलं. तरी माणसं नोटरी केलेल्या कागदावर गुंठा-दोन गुंठे घेतात. अशी कुटुंबं माझ्यासमोर बसून रडली आहेत. पैसा घामाचा होता, पण कागद कामाचा नव्हता.

आणि हक्कसोडपत्र. बहिणीला सहीसाठी बोलावतात, तेव्हा 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे तिला सांगणारं माणूस तिथे हवं. ते माणूस तुमची मुलगी होऊ शकते.

आता वाटा. बारावीनंतर 5 वर्षांचा किंवा पदवीनंतर 3 वर्षांचा विधी अभ्यासक्रम. दोन्हींसाठी राज्याची सीईटी आहे. मिळकतीवर कर्ज देताना बँका वकिलाकडून टायटल सर्च करून घेतात: साधारण 30 वर्षांचे दस्त, इंडेक्स-टू आणि फेरफार तपासून अहवाल द्यायचा. बिल्डरच्या विधी विभागात रेराचे करार, चटई क्षेत्र, सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण हे रोजचं काम. वकिली नको असेल तर भूमी अभिलेखमध्ये भूकरमापक किंवा महसूल खात्यात तलाठी, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. एजंट व्हायचं तरी महारेरानं 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे, आणि ते योग्यच झालं.

पहिली काही वर्षं पैसा बेताचा मिळतो, हे पालकांपासून मी लपवत नाही. जम बसायला वेळ लागतो. पण ज्याचा सर्च रिपोर्ट चोख, त्याचं नाव एका बँकेतून दुसऱ्या बँकेत आपोआप पोचतं.

महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तेवढे खर्च करा आणि मुलाच्या शेजारी बसून तो त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.