घरातील पहिले मत्स्यालय : तरुण मुलामुलींसाठी नत्रचक्राचा एक पाठ

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींना पाण्यातील जीवसृष्टीचे स्वाभाविक आकर्षण असते. जत्रेतून वा शहरातील दुकानातून चार रंगीत मासे आणले जातात, ते काचेच्या भांड्यात सोडले जातात आणि आठवड्याच्या आत एकामागून एक मरतात. मुलाचा हिरमोड होतो आणि घरातील वडील मंडळी "हे आपले काम नव्हे" असा निकाल देऊन मोकळी होतात. बहुधा दोष मुलाचा नसतो. माशांपूर्वी पाण्याची तयारी करावयाची असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुढे शेततळ्यात मत्स्यपालन करू इच्छिणाऱ्या तरुणास या छोट्या टाकीत जे शिकावयास मिळते, ते मोठ्या तळ्यात फार महाग पडते. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळा व तरुण मंडळांतून हा पाठ प्रत्यक्ष करून दाखवावा.

टाकी व जागा

पहिली टाकी अगदी लहान नसावी. पाणी थोडे असले की ते लवकर तापते, लवकर थंडावते आणि लवकर बिघडते. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी नवशिक्यास योग्य होय. तीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. पाणी, वाळू व काच मिळून तिचे वजन ७० ते ८० किलो होते. म्हणून हलते टेबल वा भिंतीतील फळी चालणार नाही. बैठक भक्कम व समतल असावी आणि टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा. टाकी प्रथम अंगणात पाण्याने भरून एक दिवस ठेवावी व गळती नाही याची खात्री करून घ्यावी. भरलेली टाकी कधीही उचलू नये.

जागा थेट उन्हाची नसावी. उन्हाने शेवाळ माजते व पाणी तापते. विजेच्या तारेला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी सॉकेटपर्यंत पोहोचणार नाही. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणांची वीज बंद करण्याची सवय मुलास पहिल्या दिवसापासून लावावी.

वाळू व पाणी

नदीची जाडसर वाळू, दोन ते तीन मिलिमीटर कणांची, गढूळपणा जाईपर्यंत धुऊन घ्यावी. आपल्याकडील वाळूत चुनखडीचे खडे पुष्कळदा असतात व ते पाणी जड करतात. मूठभर वाळूवर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर ती वाळू वापरू नये. थर पुढे दोन इंच व मागे तीन इंच ठेवावा.

विहिरीत किंवा नळयोजनेच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली जाते. माणसाला हितकारक असा हा क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो. असे पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवून मग वापरावे, अथवा दुकानात मिळणारे क्लोरीन-नाशक औषध सांगितलेल्या प्रमाणात घालावे. फवारणीसाठी वापरलेली बादली, मग वा पंप या कामाजवळ आणूच नये. कृत्रिम पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके अत्यल्प मात्रेतही माशांना मारक असतात. त्याच कारणास्तव टाकीच्या खोलीत डासांचा फवारा मारू नये.

वनस्पती

वनस्पती केवळ शोभेसाठी नसतात. त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतात आणि भित्र्या माशांना आसरा देतात. वॅलिस्नेरिया व हायड्रिला या दोन्ही आपल्या देशातील पाण्यात वाढणाऱ्या, काटक व स्वस्त वनस्पती आहेत. वॅलिस्नेरिया मागील बाजूस ओळीने लावावी. तिचा कोंब वाळूत गाडला जाऊ नये, अन्यथा तो कुजतो. जावा फर्न वाळूत न पुरता दगडाला वा लाकडाला दोऱ्याने बांधावे. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. अधिक उजेडाने झाडांपेक्षा शेवाळच वाढते. रात्री झाडेही प्राणवायू वापरतात, म्हणून हवेचा पंप रात्री बंद करू नये.

तळ्यात शेण व युरिया टाकून प्लवंग वाढविण्याची पद्धत शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. मत्स्यालयात मात्र ही खते टाकू नयेत. त्याचे कारण पुढील भागात येईल.

नत्राचे चक्र : या पाठाचा गाभा

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व कुजलेले पान यांपासूनही अमोनियाच तयार होतो. अमोनिया विषारी आहे. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला, तर त्याच्या विषारी अंशाचे प्रमाण सुमारे नऊ पटींनी वाढते. युरिया अल्कधर्मी जमिनीवर उघडा टाकला असता नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो, त्याच्या मुळाशी हेच रसायन आहे. विहिरीच्या जड पाण्याचा सामू पुष्कळदा ७ च्या वर असतो. म्हणून आपल्या भागात विशेष सावध राहावे.

निसर्गाने यावर उपाय ठेवला आहे. एका गटातील जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसऱ्या गटातील जंतू नायट्राइटचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने मातीतून हे जंतू वेगळे करून दाखविले. मत्स्यालयात दुसरे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे जंतू करतात, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. आपण शेतात घातलेल्या अमोनियायुक्त खताचे नायट्रेट करणारे जंतूही याच कुळाचे आहेत. शेतात जी क्रिया डोळ्यांना दिसत नाही, ती टाकीत रंगाच्या चाचणीने मोजता येते. हा या उद्योगाचा मोठा लाभ होय.

मधला पदार्थ नायट्राइट हाही घातक आहे. तो माशाच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करतो. नायट्रेट अधिक असलेला चारा खाल्ल्याने जनावरांना होणारी विषबाधा याच प्रकारची असते. शेवटचा पदार्थ नायट्रेट तुलनेने निरुपद्रवी असून तो झाडांचे अन्न आहे.

नव्या टाकीत हे जंतू जवळजवळ नसतात. त्यांची वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. याच अवधीत मासे सोडल्यामुळे ते मरतात. म्हणून पुढील क्रम पाळावा :

१. टाकीत वाळू, पाणी व झाडे घालून हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची गाळणी चालू करावी. जंतू स्पंजवर व वाळूवर वस्ती करतात. त्यांना सतत प्राणवायू लागतो.

२. मासे नसतानाच रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून जंतूंना अमोनिया मिळतो.

३. दर तीन दिवसांनी चाचणी-संचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट मोजून वहीत नोंदवावे. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो, मग नायट्राइट चढतो व उतरतो, शेवटी नायट्रेट दिसू लागते. झाडे दाट असल्यास हे आकडे लहान राहतात.

४. खाद्य टाकणे चालू असतानाही आठवडाभर अमोनिया व नायट्राइट शून्य राहिले, म्हणजे टाकी तयार झाली असे समजावे.

मुलाची खरी परीक्षा या रिकाम्या टाकीच्या सहा आठवड्यांत होते. वडीलधाऱ्यांनी घाई करून बक्षीस म्हणून मासे आणून देऊ नयेत. वहीतील नोंदी रोज पाहाव्यात व त्यांचे कौतुक करावे.

माशांची निवड

एकत्र ठेवावयाचे मासे शांत स्वभावाचे, लहान वाढीचे व सारख्याच पाण्यात राहणारे असावेत. या आकाराच्या टाकीस पुढील मेळ योग्य ठरतो : झेब्रा मासे सहा, चेरी बार्ब सहा व हनी गुरामीची एक जोडी. झेब्रा व हनी गुरामी आपल्याच उपखंडातील नद्यांचे मासे आहेत व चेरी बार्ब श्रीलंकेचा आहे. झेब्रा व चेरी बार्ब थव्याने राहतात. एकटादुकटा ठेवल्यास ते भेदरतात. पाणी फार जड असल्यास चेरी बार्बऐवजी आरोग्य खात्याने परिचित करून दिलेले गप्पी मासे ठेवावेत. मात्र केवळ नर घ्यावेत, नाहीतर थोड्याच महिन्यांत टाकी पिलांनी भरून जाईल.

गोल्डफिश या टाकीस मोठा होतो व पाणी फार घाण करतो. दुकानात 'शार्क' म्हणून विकले जाणारे पिलू बहुधा पंगस असते. तळ्यात तो किती वाढतो, हे मत्स्यपालकांस सांगावयास नको.

सर्व मासे एकदम सोडू नयेत. प्रथम झेब्रा, दोन-तीन आठवड्यांनी चेरी बार्ब व त्यानंतर गुरामी असा क्रम ठेवावा, म्हणजे जंतूंची संख्या भाराबरोबर वाढते. पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, तीत टाकीचे पाणी थोडे थोडे घालावे आणि मग मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

नित्याची निगा

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एक वा दोन वेळा घालावे. भुकेपेक्षा अतिखाद्याने मासे अधिक मरतात. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. काढलेले पाणी परसबागेतील भाजीला घालावे. त्यात नायट्रेट असते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून धुवावा. क्लोरीनच्या पाण्यात धुतल्यास सहा आठवड्यांची कमाई एका क्षणात नष्ट होते. उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेल्यास मगाने पाणी उचलून वरून धार सोडावी व त्या दिवशी खाद्य देऊ नये.

एक कडक नियम

मत्स्यालयातील मासा वा वनस्पती विहिरीत, ओढ्यात, शेततळ्यात किंवा धरणात कधीही सोडू नये. आज आपली तळी व्यापणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या फुलांच्या शोभेसाठी बंगालमध्ये आणली गेली. टाकी स्वच्छ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. त्याच्या कठीण कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात व तो काठ पोखरतो. नको झालेला मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या छंदिकास द्यावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. मासे सोडण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे का चालवावी?

२. तुमच्या विहिरीच्या पाण्याचा सामू किती आहे? त्यावरून अमोनियाविषयी कोणती काळजी घ्याल?

३. पाणी साचलेल्या शेतात अमोनियाचे नायट्रेट का होत नाही? टाकीतील स्पंजाच्या उदाहरणावरून उत्तर द्या.