सोलर बसवण्याआधी वहीत हिशोब मांडा



सीबीडी बेलापूरसारख्या शहरात इमारतीची गच्ची सगळ्यांची असते. आपल्या गावात छप्पर आपलं स्वतःचं. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी (ता. पाटण) तर 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. मग आपणही सोलर बसवावं का? बैठकीत हा विषय निघाला की आधी वही उघडा.

अनुदान किती?
पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. त्यात 1 किलोवॅटला 30,000, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. त्यातून महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट वीज तयार होते.

हिशोबाचं सूत्र
अनुदान वजा जाता आपला खर्च ÷ वर्षाला वाचणारं बिल = पैसे वसूल व्हायला लागणारी वर्षे.

समजा, पहिल्या ताईंच्या घरी फ्रीज, मोटर, शिलाई मशीन आहे. 2 किलोवॅटचा खर्च 1,30,000, अनुदान 60,000, म्हणजे पदरचे 70,000. महिन्याला 1,200 रुपये वाचले, तर वर्षाला 14,400. पाच वर्षांच्या आत पैसे वसूल. पॅनेल साधारण 25 वर्षे चालतं.

दुसऱ्या ताईंच्या घरी दोन दिवे, पंखा, टीव्ही. 1 किलोवॅटचा खर्च 65,000, अनुदान 30,000, पदरचे 35,000. पण बिलच लहान, म्हणून महिन्याला वाचतात 350 रुपये. वसुलीला आठ वर्षांहून जास्त!

आता हेच 35,000 गटातून शेकडा 1 रुपया व्याजाने काढले, तर पहिल्या महिन्याचं व्याजच 350 रुपये. म्हणजे वाचलेलं सगळं व्याजात गेलं, मुद्दल तसंच राहिलं. म्हणून कर्ज काढण्याआधी व्याज आणि बचत शेजारी शेजारी लिहा. या योजनेसाठी बँका कमी व्याजाचं कर्ज देतात, तिथे आधी विचारा. महिन्याला 100 युनिटपेक्षा कमी वापर असेल किंवा घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राज्याच्या स्मार्ट योजनेची चौकशी करा.

सही करण्याआधी चार गोष्टी
1. मीटर कोणाच्या नावावर आहे? अनुदान त्याच ग्राहकाच्या खात्यात येतं, आणि तेही सोलर बसल्यावर. मीटर सासऱ्यांच्या नावावर आणि कर्ज तुमच्या नावावर असेल, तर घरात आधी बोलून घ्या.
2. बिल पूर्ण शून्य होईलच असं नाही. स्थिर आकार भरावाच लागतो.
3. बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं. भारनियमनावर हा उपाय नाही.
4. जादा वीज पुढच्या बिलात वळती होते, पण ती विकून मोठी कमाई होत नाही. म्हणून वापराएवढंच बसवा.

पुढच्या बैठकीचा गृहपाठ
प्रत्येकीने लाईट बिल आणावं. मागच्या महिन्यांचे युनिट त्यावर छापलेले असतात, ते वहीत उतरवा. दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी दर घ्या आणि वरचं सूत्र लावा. शेजारणीने बसवलं म्हणून बसवू नका, आपल्या वहीने हो म्हटलं तरच बसवा.