विक्रीच्या नोंदी आणि बदलांचा मागोवा

कागदी वहीच्या काळात लेखनिकाला एक शिस्त पाळावी लागे. रोजकीर्दीतील आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर रेघ ओढायची, शेजारी योग्य आकडा लिहायचा आणि त्यापुढे सही करायची. त्यामुळे चूक दुरुस्त होई, पण चूक झाली होती ही गोष्ट लपत नसे. विक्रीचा हिशेब संगणकावर आल्यानंतर ही शिस्त धोक्यात आली. पडद्यावरील आकडा बदलला की जुना आकडा मागे कोणतीही खूण न ठेवता नाहीसा होतो. ही उणीव भरून काढणारी व्यवस्था म्हणजे ‘ऑडिट ट्रेल’, अर्थात बदलांची नोंदवही होय.

स्वरूप व कार्यपद्धती

विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राहक, माल, दर, बीजक आणि वसुली यांच्या नोंदी असतात. यांपैकी कोणतीही नोंद नव्याने झाली, बदलली किंवा रद्द झाली, की त्या घटनेची एक स्वतंत्र ओळ नोंदवहीत आपोआप लिहिली जाते. तीत सामान्यतः बदल कोणी केला, कोणत्या तारखेस व वेळेस केला, कोणत्या नोंदीत केला, जुने मूल्य काय होते आणि नवे काय आहे, या बाबी असतात. चांगल्या प्रणालीत बदलाचे कारणही विचारले जाते.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. सिमेंटच्या ५० पोत्यांचे बीजक प्रतिपोते ३८० रुपये दराने, म्हणजे १९,००० रुपयांचे तयार झाले. चार दिवसांनी दर ३५० रुपये करण्यात आला आणि रक्कम १७,५०० रुपये झाली. केवळ बीजक पाहणाऱ्यास १७,५०० हाच आकडा दिसेल. १,५०० रुपयांचा फरक ग्राहकाला मिळालेली सवलत आहे, की पूर्ण रक्कम घेऊन मधल्यामध्ये झालेला अपहार, हे त्यावरून कळणार नाही. नोंदवही मात्र चौकशी कोठून सुरू करावी हे दाखविते. प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही तिचा आधार असतो. दुसऱ्याने केलेल्या बदलाचा ठपका त्याच्यावर येत नाही.

या नोंदवहीचे मूलतत्त्व असे की, तीत ओळी वाढू शकतात. लिहिलेली ओळ बदलता किंवा पुसता येत नाही.

कायद्याची चौकट

या प्रश्नाचे गांभीर्य सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या प्रकरणाने देशापुढे आणले. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबातील फेरफारांची कबुली दिली. विक्री फुगवून दाखविण्यासाठी बनावट बीजके तयार करण्यात आली होती. विशेष अधिकार असलेल्या खात्यातून ती बीजक-प्रणालीत घालून संबंधित विभागांच्या नजरेआड ठेवण्यात आल्याचे तपासात आढळले. संगणकीकरण झाले म्हणजे हिशेब आपोआप विश्वसनीय होतो, हा समज त्यामुळे फोल ठरला.

कंपनी व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये कंपनी (लेखे) नियम, २०१४ च्या नियम ३ मध्ये तरतूद जोडली. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यवहाराचा मागोवा ठेवणारे, प्रत्येक बदल तारखेसह नोंदविणारे आणि ही सोय बंद करता येणार नाही असेच सॉफ्टवेअर वापरावे, असे ही तरतूद सांगते. तिची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलण्यात येऊन ती १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. ही सोय वर्षभर सर्व व्यवहारांसाठी चालू होती काय, तीत ढवळाढवळ झाली काय आणि ती विहित काळ जतन केली काय, यावर लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात भाष्य करावे लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबपुस्तके किमान आठ वित्तीय वर्षे जपावी लागतात.

ही सक्ती कंपन्यांपुरती आहे; परंतु लहान व्यापारीही पूर्णतः मोकळा नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ च्या नियम ५६ नुसार नोंदी पुसता किंवा त्यांवर पुन्हा लिहिता येत नाहीत आणि हिशेब संगणकावर असल्यास बदललेल्या वा वगळलेल्या प्रत्येक नोंदीची लॉग ठेवणे नोंदणीकृत व्यक्तीस बंधनकारक आहे. जुन्या वहीची शिस्तच येथे नव्या माध्यमाला लागू झाली आहे.

मर्यादा

नोंदवही असणे आणि ती उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकाच दुकानातील चौघे एकच पासवर्ड वापरत असतील, तर ‘कोणी’ या रकान्याला अर्थ उरत नाही. संगणकाचे घड्याळ मागेपुढे करता येत असेल, तर ‘केव्हा’ हा रकाना निरर्थक ठरतो. सॉफ्टवेअरच्या पडद्यातून न जाता मूळ माहितीसाठ्यात थेट बदल करणाऱ्या तंत्रज्ञाची नोंद होत नसेल, तर समोरचे दार बंद आणि मागचे सताड उघडे अशी स्थिती होते. म्हणून ज्याच्याकडे सर्वाधिक अधिकार, त्याच्या हालचालींची नोंद अधिक काटेकोर हवी आणि ती नोंद त्याच्या हाती नसावी.

शिवाय नोंदवही फक्त बदल दाखविते. मुळातच खोटे लिहिलेले बीजक तिला खरेच वाटते. मालाची प्रत्यक्ष मोजणी, बँकेतील जमा आणि ग्राहकाची पोच यांच्याशी ताळा घेणे त्यामुळे टळत नाही.

सारांश, नोंदीत बदल होणे हा दोष नव्हे. बदल अदृश्य राहणे हा दोष होय. भागधारक, धनको आणि करयंत्रणा हे सर्व त्याच आकड्यांवर विसंबून असतात. उत्तरदायित्वाचे तत्त्व व्यवहारात कसे उतरते, याचे बदलांची नोंदवही हे साधे पण बोलके उदाहरण आहे.